गणपूर्ती

इनक्युबेटरचं दार उघडलं की आधी वास येतो.
द्राक्षांचा.
मार्चमधल्या पिंपळगावच्या बाजारासारखा,
क्रेटमधून गळून पायाखाली आलेल्या मण्यांचा,
गोड, जरासा आंबूस.
नवी मुलगी विचारते, मॅडम, कुणी डबा आणलाय?
मी काचेची ताटली तिच्यापुढे धरते.
हिरवट, चकाकती, कळकलेल्या पितळेसारखी.
हा डबा.
वामनराव कासारांच्या डाव्या पायातून आला.

वामनराव तांबट आळीतले.
पन्नास वर्षं हंडे आणि बंब ठोकले, कान त्यातच गेले.
साखर वाढल्याचं कळलं ते अंगठा काळा पडल्यावर.
तीन औषधं झाली. चौथं महाग. पाचवं मिळतच नाही.
रिपोर्टवर मी एकाखाली एक टाइप करत जाते:
दाद देत नाही.
दाद देत नाही.

हा जंतू एकटा असला की गरीब असतो.
विष काढत नाही, भिंत बांधत नाही.
एक कण बाहेर सोडतो फक्त, हाक म्हणून,
आणि परत किती हाका येतात ते मोजत बसतो.
शंभर. थांब.
लाख. अजून थांब.
मग एका रात्री, कुणी हात वर न करता
ठराव मंजूर,
आणि सकाळी नर्स पट्टी सोडते तेव्हा
खोलीभर द्राक्षं.

रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती, गंगापूर रोडला.
विषय एकच, पाण्याची टाकी.
बावीस हवे होते, एकोणीस आले.
बोऱ्हाडे सेक्रेटरींनी अर्धा तास घड्याळाकडे बघितलं
आणि म्हणाले, गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
चहा पिऊन सगळे आपापल्या घरी.
कुणी मेलं नाही, कुणी भांडलं नाही,
टाकी गळतेय तशी गळतेय.
मी मात्र जिन्यातच थबकले.
वरच्या मजल्यावरचे तिघं घरीच होते.
त्यांना निरोप पोचला नव्हता, एवढंच.

स्वॅब घ्यायला गेले तेव्हा पाटीवर लिहून दाखवलं:
यांना मारायचं नाही, यांचं बोलणं तोडायचं.
वामनराव हसले. बहिरी माणसं बोलतात तसे, वॉर्डभर ऐकू जाईल असे बोलले,
"आळीत या एकदा! दहा हातोडे चालू असले ना,
शेजारी आग लागली म्हणून ओरडा, ऐकू यायचं नाही.
भांडायचं तर गल्लीबाहेर जावं लागायचं आम्हाला!"
आणि खाटेच्या दांडीवर बोटांनी ठोके देत राहिले.
त्यांना ऐकू न येणारे.

सोमेश्वरच्या धबधब्याखालच्या चिखलात
मला एक साधासुधा जीव सापडला,
दुसऱ्यांच्या हाका खाऊन जगणारा.
चार महिने त्याचा रस काढला, गाळला, वाया घालवला, पुन्हा काढला.
एका गुरुवारी ताटलीत सोडला.
शुक्रवारी पाहिलं.
वाढ होती, भरपूर.
रंग नव्हता.
नाक जवळ नेऊ नये असा नियम आहे. नेलं.
काही नाही. अगरचा तेवढा, गार पडलेल्या पेजेसारखा वास.
सगळे जिवंत होते, एकमेकांना खेटून,
आणि प्रत्येकाला वाटत होतं
आपण एकटेच आहोत.

आनंद झाला. खूप झाला.
मुलीला टाळी दिली, फोटो काढला,
आणि मग का कोण जाणे, भुसावळला बहिणीला फोन लावला.
काय गं, ती म्हणाली. काही नाही, मी म्हटलं.
बोल काहीतरी.

वामनरावांचा अंगठा त्याआधीच, एप्रिलमध्ये, काढला होता.
ताटलीतून पायापर्यंत यायला औषधाला वर्षं लागतात,
हेही मी पाटीवर लिहिलं होतं.
त्यांनी ते दोनदा वाचलं
आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसून पाटी परत दिली.

यंदाची द्राक्षं लागल्यावर ते आले, काठी टेकत,
लॅबसाठी दोन किलोची पेटी घेऊन.
मुलीनं घड धुऊन आणला.
मी एक मणी नाकाशी धरला, बराच वेळ.
मग तोंडात टाकला.